होडीसारखी उचललेली ऑस्टिन

माझा मोठा भाऊ धाकू हट्टी आहे, हे मी त्याच्या तोंडावरही सांगते. कोलशेतच्या एका कारखान्यात तो वेल्डर होता आणि लोखंडाच्या बाबतीत आपल्याला कुणी शिकवू नये असं त्याचं ठाम मत होतं.

बाबांनी उभा जन्म एका शेठची ऑस्टिन चालवली. शेठ गेल्यावर मुलांनी ती बाबांनाच देऊन टाकली. आमच्या अंगणात खाडीच्या खाऱ्या वाऱ्यानं तिची चासी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, पार खाल्ला. बोटानं दाबलं तरी पापुद्रे निघायचे. एक्याण्णव साली डॉक्टरांनी बाबांना काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नव्हती, होती तीही जाणार होती. बाबा एवढंच म्हणाले, "एकदा रंगूला मागं बसवून टिटवाल्याला न्यायचीय. मीच चालवनार."

रंगू म्हणजे आमची आई. शेठच्या घरातल्या सगळ्या बायका बाबांनी फिरवल्या, पण मालकाच्या गाडीत आपली बायको बसवायची नाही, हा त्यांचाच नेम.

दादानं काम अंगावर घेतलं. आम्ही कोळी माणसं. फळी बदलायची तर होडी वर ओढून पोटाखाली ओंडके द्यायचे, हे त्यानं लहानपणापासून पाहिलेलं. ऑस्टिनही त्यानं तशीच उचलली. चाकं काढली, मधोमध ओंडके दिले आणि दोन्ही बाजूंची कुजलेली चासी एकदमच कापून काढली.

बाबा खुर्ची टाकून बसले होते. "धाकू, ती गाडी हाय, होडी नाय. चाकांवर उबी ऱ्हाऊ दे. इंजिनाच्या भारानं पुढून खाली जाईल."

"बाबा, तुम्ही गाडी चालवली. लोखंड मी जोडतो."

मला दादाचा असा राग आला! पण वेल्डिंग मात्र त्याचं बघत राहावं असं होतं, हेही खरं.

नवे तुकडे जोडून झाले, चाकं लागली, गाडी जमिनीवर आली आणि एकही दार लागेना. चासीचं नाक खाली झुकलं होतं आणि दादानं ते वाकडेपण पक्कं जोडून टाकलं होतं. त्यानं दार आपटलं, ढकललं, कानशीनं घासलं. शेवटी पायरीवर बसून रडला.

बाबाच म्हणाले, "परत काप. व्हईल."

पण पावसाळा तोंडावर आला होता. उघड्या अंगणात वेल्डिंग करणार कसं? दिवाळीनंतर दादानं गाडी चाकांवर ठेवून, एकेक बाजू घेऊन, सगळं नव्यानं केलं. दारं अलगद लागली. बाबांनी दारावरून हात फिरवला आणि चावी दादाच्या हातात दिली. समोरचा माणूस त्यांना आता आवाजावरून ओळखावा लागत होता.

टिटवाळ्याला दादानं गाडी नेली. मी त्याच्या शेजारी बसले. बाबा जन्मात पहिल्यांदा मागच्या सीटवर, आईशेजारी. वळण आलं की त्यांचा पाय आपसूक ब्रेक दाबायचा. कल्याण मागं पडल्यावर दादानं विचारलं, "आये, बरी चाललीय ना गाडी?"

"लय बरी." आईच्या मनात त्याला टोचायचं नव्हतं, खरंच नव्हतं. "पन ह्यांना चालवताना बगायचं होतं रे मला. सगल्यांनी बगितलं. मीच तेवढी ऱ्हायली."

दादानं गाडी बाजूला घेतली. स्टिअरिंगवर डोकं टेकून तो बसून राहिला. मागून कुणी हॉर्न वाजवत गेलं.

"बाला," बाबा म्हणाले, "वलनावर गाडी उबी करू नये. चल."