वाकरूळच्या घाण्यातला समंध

हाइम वाकरूळकरांना या सगळ्यातून काय मिळायचं होतं, ते आधी बघू. इस्रायलमधल्या डिमोना गावच्या क्लबात वीस वर्षं ते जी समंधाची गोष्ट सांगत आले होते, ती आता बेर्शेबाच्या युनिव्हर्सिटीत वाचली जाणार होती. हिब्रूत, आणि तीही त्यांच्या पोटच्या मुलीच्या तोंडून. कागदाच्या माथ्यावर त्यांचं नाव टाईप झालेलं असणार होतं. सूतगिरणीत तीन पाळ्यांत यंत्रं सांभाळणाऱ्या माणसाचं नाव! दुसरा कोणी एवढ्यावरच खूश झाला असता. पण हाइमना हवा होता जॉशुआ मास्तरांचा चेहरा.

जॉशुआ मास्तर ठाण्याच्या शाळेत मराठी शिकवून आलेले. वाळवंटातल्या उन्हातही टाय सोडत नसत. प्रत्येक वेळी गोष्ट संपली, बायकांनी सुटकेचा श्वास टाकला, की ते गोड आवाजात म्हणत, "छान हो, हाइमभाऊ. ऐकायला मजा येते. पण भुतंखेतं म्हणजे काही साहित्य नव्हे." वीस वर्षं ते ‘पण’ हाइमच्या घशात अडकून होतं. म्हणून निबंधवाचनाचा दिवस ठरल्याबरोबर त्यांनी मास्तरांचं दार ठोठावलं. "सोमवारी बेर्शेबाला यायचं. बसचं तिकीट माझ्याकडे."

गोष्ट अशी. कुलाबा जिल्ह्यातल्या वाकरूळ गावी हाइमच्या वडिलांचा, एलिशांचा, तेलाचा घाणा. घाणेवाले बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, शब्बाथ पाळत, शनिवारी घाणा जुंपत नसत, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. सगळी अब्रू त्या एका नावावर उभी. आणि नेमका शनिवारीच घाणा फिरायला लागला! दुपारी गाव पेंगत असताना बायकामुलं दारं लावून बसत. एलिशा कमरेला कोयता खोवून एकटे घाण्याच्या खोपीत शिरत आणि आतून कडी लावत. इथे हाइम थांबत. क्लबात कपबशीचाही आवाज होत नसे. मग त्यांच्या घशातून घाण्याची कुरकुर निघे: कर्रर्र... कर्रर्र... उन्हं कलल्यावर एलिशा बाहेर येत ते घामानं निथळत, ओठ पांढरेफटक. आत चांद्या बैल तोंडाला फेस येऊन पडलेला. दोन वर्षं, दर शनिवारी, एलिशा वाकरूळकर समंधाशी असे झुंजले.

डिमोनात एलिशांचं नाव त्यामुळे एखाद्या लढवय्यासारखं घेतलं जाई, आणि त्याचा थोडा उजेड हाइमवरही पडे.

शुक्रवारी दुपारी ओरना कागद घेऊन स्वयंपाकघरात आली. बावीस वर्षांची, डिमोनात जन्मलेली, लष्करातली दोन वर्षं उरकून कॉलेजात गेलेली. हिब्रूत अहो-जाहो नाही, त्यामुळे ती बापाला, तिच्या अबाला, मराठीतही अरे-तुरे करी. रूथ, तिची आई, कोथिंबीर निवडत होती.

"अबा, माझा विषय आहे कथेतली गॉथिक लक्षणं आणि पात्रांची नीती."

"गॉथिक म्हणजे काय गं?"

"काळोखं घर. बंद दार. ऐकू येतो, पण कोणी कबूल करत नाही असा आवाज. आणि तळाशी जुनं पाप."

"म्हणजे तुझ्या आत्याचं घर," रूथ म्हणाली.

हाइम हसले नाहीत. "आपल्या गोष्टीत पाप कुठलं?"

"आवाज कधी सुरू होतो?"

"शनिवारी."

"रेगा, अबा, थांब जरा. आजोबा आत जातात. कडी लावतात. तू गप्प बसतोस. मग आवाज येतो. ते जायच्या आधी कधीच येत नाही. मी लहानपणापासून ऐकतेय, दर वेळी तू असंच सांगतोस. दुसऱ्यांच्या भुताच्या गोष्टीत भूत आत कोंडतात. इथे बघणारे बाहेर कोंडलेत." तिनं पान उलटलं. "आणि बैल. घाबरलेला बैल दावं तोडून पळेल ना? फेस येऊन पडतो तो दमलेला बैल."

"तू बैल पाहिलायस कधी?"

"नाही. म्हणून तर विचारते."

हाइमनी कोथिंबिरीची एक काडी उगाच मोडली.

"मी लिहिलंय की समंध नव्हताच," ओरना म्हणाली. "आजोबा शब्बाथला घाणा चालवत होते आणि भुताला पुढे केलं होतं. शब्बाथची सुट्टी धर्मात बैलालाही सांगितलेली आहे, ती त्यांनी चोरली. अबा, तू नको म्हणालास तर मी दुसरी गोष्ट घेते. घाईघाईत होईल, पण घेते. या निबंधावर बाई ठरवणार आहेत, मला पुढे शिकायला घ्यायचं की नाही."

मुलीला बैल ठाऊक नव्हता, खोप ठाऊक नव्हती, वाकरूळ नकाशावर दाखवता आलं नसतं. आणि तिनं बापाला त्याच्याच थांबण्यावरून पकडलं होतं. हाइमना भीती वाटली आणि त्याच वेळी छाती फुगली. कारण ते खरं होतं, आणि ते हाइमना ठाऊक होतं. आईनं शेवटच्या दुखण्यात सांगितलं होतं. त्यानंतरच ते समंधाची गोष्ट रंगवून सांगायला लागले होते.

पण त्यांनी हिशेब केला. मुलीचा तो तर्क. तर्काला पुरावा लागतो, आणि पुरावा फक्त आपल्या पोटात. शिवाय मास्तरांना आमंत्रण गेलेलं.

"वाच की," ते म्हणाले. "मी कशाला नको म्हणू?"

सोमवारी ते मुंबईचा कोट घालून मागच्या बाकावर बसले. शेजारी टायमधले मास्तर. वर्गात बाराएक मुलंमुली, आणि पोलंडहून आलेल्या प्रोफेसरबाई, हातात सिगरेट. ओरना वाचू लागली. आधी पोरं हसली, मग पुढे झुकली. कुरकुरीपाशी एका मुलीनं वही छातीशी धरली. आणि ‘आवाज आजोबा आत गेल्यावर सुरू होतो’ या वाक्याला जॉशुआ मास्तरांचं तोंड उघडं राहिलं, ते मिटेचना. हाइमना जे हवं होतं ते पुरेपूर मिळालं. त्यांनी तिथेच उठून घरी जायला हरकत नव्हती.

बाईंनी राख झटकली. "सुरेख. पण एक भोक आहे. गरीब खेडं, गरीब माणूस. घरात खायला नसेल. भुकेल्याला निवड कुठे असते? आणि निवडच नसेल तर तुमचं नीतीचं सगळं विवेचन कोसळतं. तो उपाशी नव्हता, हे गोष्टीत कुठे आहे?"

ओरनानं पानं चाळली. पुन्हा चाळली. गोष्टीत ते नव्हतं. हाइमनी ते कधी घातलंच नव्हतं.

भूक! काय झकास कोट शिवून दिला होता बाईंनी एलिशांच्या अंगावर. हाइमना काहीच करायचं नव्हतं, नुसतं बसून राहायचं होतं. संध्याकाळपर्यंत मास्तरांनी सगळ्या डिमोनाला सांगितलं असतं: बिचारे एलिशा, पोरांसाठी केलं त्यांनी. समंध गेला तरी मान राहिला असता. आणि समोर ओरना पहिलं पान तिसऱ्यांदा उलटत होती.

हाइम उठले. त्यांची हिब्रू नटबोल्टांची, पाळ्यांची आणि दवाखान्याची. या कामाला ती पुरणारी नव्हती.

"ओरना, मी मराठीत सांगतो. तू त्यांना सांग."

म्हणजे वर्गात ते आधी कळणार होतं ते दोघांनाच: ओरनाला आणि मास्तरांना.

"आम्ही उपाशी नव्हतो. सहा दिवसांचं तेल आम्हाला पोटभर पुरत होतं. खालच्या आळीत दुसऱ्या तेल्यानं मोठा घाणा घातला, आणि बाबाला त्याच्या मागं राहायचं नव्हतं. एवढंच. आईनं हात जोडले त्याच्यापुढं. म्हणाली, आपल्याला शनवार तेली म्हणतात हो. तो म्हणाला, म्हणतीलच, आवाज भुताचा आहे म्हणून सांगू. आईनं मला मरताना सांगितलं, आणि मी ते गिळून भूत सांगत फिरलो. पोरगी बरोबर आहे. बैल न बघता बरोबर आहे!"

ओरनानं हिब्रूत सुरुवात केली, "कथेतल्या मुख्य पात्राला..." आणि थांबली. मग मान वर करून म्हणाली, "माझ्या आजोबांना भूक नव्हती." पुढचं सगळं तिनं एका दमात सांगितलं, एकही शब्द मऊ न करता.

बाईंनी सिगरेट विझवली. "मग भोक बुजलं," त्या म्हणाल्या. "तुमचं नाव मी पुढच्या वर्षाच्या यादीत घालते, ओरना." आणि जराशा थांबून हाइमकडे वळल्या. "ही तुमची मुलगी?"

"माझी," हाइम म्हणाले. हा शब्द त्यांना हिब्रूत येत होता. आख्ख्या वर्गाला ऐकू जाईल असा त्यांनी तो म्हटला.

परतीच्या बसमध्ये मास्तर खिडकीशी बसले. टाय सैल केलेला. बाहेर दगड आणि विजेचे खांब.

"हाइमभाऊ, त्या बैलाचं पुढे काय झालं?"

"मेला. तिसऱ्या वर्षी, खोपीतच, जुवाखाली. बाबानं गावात सांगितलं, समंधानं नेला."

मास्तरांनी आवंढा गिळला. "आणि येत्या शनिवारी क्लबात काय सांगणार?"

"हेच."

"कोणी घाबरणार नाही हो आता."

"पाणी घ्या, मास्तर," हाइम म्हणाले, "तुमचाच घसा कोरडा पडलाय."

शनिवारी त्यांनी खरंच तेच सांगितलं, कुरकुरीसकट, आणि शेवटी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दोघंतिघं उठून गेले. जाताना एकानं एलिशांबद्दल काहीतरी म्हटलं, ते हाइमना ऐकू आलं. मास्तर मात्र जागचे हलले नाहीत, आणि ‘पण’ म्हणालेही नाहीत.

तर भरलं कोणी? एलिशा वाकरूळकरांनी काही नाही. ते आपलाही मोठा घाणा झालेला बघून, मान राखून गेले. समंधानं न केलेल्या कामाची बदनामी पन्नास वर्षं सोसली. चांद्यानं जीव दिला. हाइमनी बापाचं नाव दिलं आणि आपली सगळ्यात चांगली गोष्ट दिली. ओरनाला काही द्यावं लागलं नाही, तिच्या वाट्याचं बापानं भरलं होतं.