इत्तोची सफरचंदं आणि माझी पाठ

मित्रांनो, मिदेल्त शहराच्या वर जो उघडाबोडका डोंगर दिसतो, त्याच्या कुशीत सफरचंदाच्या बागा आहेत. त्या बागांच्या वाटेने वर-खाली करण्यात माझा सारा जन्म गेला. मी एक करड्या रंगाचं, आता जुनं झालेलं गाढव आहे. मला वाचता येत नाही. पण एखादी गोष्ट जड आहे की हलकी, हे माझ्या पाठीइतकं खात्रीने कुणी सांगू शकणार नाही. म्हणूनच फळं खाऊन वजन उतरतं का, असा वाद निघाला की मी कान टवकारतो. त्याचं उत्तर मी स्वतः वाहिलेलं आहे.

माझा जन्म खालच्या वस्तीतल्या मेंढ्यांच्या गोठ्यात झाला. हम्मू नावाच्या बागाईतदाराने मला आठवडी बाजारातून आणलं, तेव्हा माझे पाय काड्यांसारखे होते. त्याची बायको इत्तो दारातच उभी होती. हे गाढव चालत आलं की तुम्ही याला काखोटीला मारून आणलंत, असं तिने विचारलं. हम्मू हसला आणि त्याने मला मूठभर जव दिले.

हम्मू भला माणूस होता. खोगीर घालण्याआधी तो माझ्या पाठीवर जाड लोकरी कापड पसरायचा आणि पट्टा कुठे रुततोय का, ते बोटांनी चाचपून पाहायचा. मोसमात मी पेट्यांमागून पेट्या उतरवल्या. ओढ्याजवळची ती निसरडी उतरण हे गाढव डोळे मिटून उतरतं, असं लोक म्हणत. खरं तर मी डोळे चांगले उघडे ठेवत असे, पण कौतुक कुणाला नको असतं?

मग एका हिवाळ्यात हम्मूची छाती भरली आणि तो गेला. मुलगी लग्न होऊन दूर मेक्नेसला राहत होती. घरात इत्तो आणि अंगणात मी, एवढेच उरलो. इत्तो फारशी रडली नाही. ती चहा करत राहिली. चुलीजवळ बसायची, बाजारात सुळक्याच्या आकारात मिळणाऱ्या घट्ट साखरेचा भलामोठा तुकडा फोडून पुदिन्याच्या चहात टाकायची आणि सोबत लोणी-मध लावलेली जाड रोटी खायची. दोन हिवाळे असेच गेले. तिचे गुडघे सुजले, आणि पूर्वी माझ्यापुढे चालणारी इत्तो आता माझ्यावर बसून बागेकडे निघू लागली.

बागेच्या अलीकडे ओढा आहे. माणसं त्यावर टाकलेल्या दोन ओंडक्यांवरून जातात, आम्ही जनावरं खालून पाण्यातून. ओंडक्यांवर पाय टाकायची इत्तोला भीती वाटायची, म्हणून एका शरदात तिने मला तिच्यासकट पाण्यात घातलं. मधल्या दगडावर माझा खूर सरकला, मी पुढच्या गुडघ्यांवर कोसळलो आणि इत्तो पाण्यात पडली. तिचा दीर बासू धावत आला. त्याने तिला बाहेर ओढलं. फळं तोडणाऱ्यांपैकी कुणीतरी हसलं.

संध्याकाळी बासू अंगणात आला. तो वाईट नव्हता. हम्मूमागे ती बाग त्यानेच सांभाळली होती. पण तो थकला होता.

"वहिनी, बाग राखायची तर बागेत पोचायला हवं," तो म्हणाला. "पुढच्या तोडणीला तुम्ही स्वतःच्या पायांनी वर आलात तर बाग तुमची, मी मुकाट्याने राबेन. नाहीतर माझ्या नावावर करा. दुसऱ्याच्या झाडांसाठी मी आणखी किती वर्षं कंबर मोडू?"

दुसऱ्या दिवसापासून इत्तोने वजन उतरवायचं मनावर घेतलं.

शेजारीण तूदा हिच्याकडे सल्ल्यांना तोटा नव्हता. फक्त सफरचंदं खा, सफरचंद चरबी कापतं, असं तिने छातीठोकपणे सांगितलं. इत्तोची कोठी सफरचंदांनी भरलेलीच होती. सकाळी सफरचंद, दुपारी सफरचंद, आणि उरलेले गाभे माझ्यापुढे. पहिले काही दिवस ती मला खरंच हलकी वाटली. पण तिला चक्कर येऊ लागली, पोट गुडगुडू लागलं, आणि दिवसभर दाबलेली भूक संध्याकाळी उसळून यायची. मग अख्खी रोटी लोण्यासकट संपायची. लवकरच माझ्या पाठीने ओळखलं की इत्तो पुन्हा पहिल्यासारखी झाली आहे.

तेव्हा तूदाने शहरातल्या भाच्याचं ऐकून सल्ला फिरवला. फळात साखर असते, फळांनीच माणूस फुगतो, असं ती सांगू लागली. इत्तोने फळं तोंडात घालणं बंद केलं. सफरचंदातली साखर नको म्हणून ती सुळक्याची साखर फोडून चहात घालत बसली. तिच्या वाटणीची सगळी फळं माझ्या घमेल्यात पडू लागली. मीही अधाशासारखी खाल्ली, आणि एका दुपारी पोट फुगून आडवा झालो. इत्तो माझ्याशेजारी जमिनीवर बसून माझं पोट चोळत राहिली. बासू कुंपणावरून डोकावला आणि म्हणाला, "वहिनी, आता घरात फुगलेले दोघं झालात."

मी बरा झाल्यावर इत्तो मला घेऊन दवाखान्यात गेली. मला खिडकीखाली बांधलं होतं, म्हणून आतलं सगळं मला ऐकू येत होतं. तिथे लुब्ना नावाची तरुण परिचारिका होती. इत्तोने तिला वैतागून सांगितलं की फळं खाल्ली तरी वजन तेवढंच आणि सोडली तर उलट वाढलं.

"मावशी, फळं खात होतात तेव्हा रोटी किती कमी केलीत?" लुब्नाने विचारलं.

"कमी कुठली? संध्याकाळी भुकेने जीव जायचा."

"आणि फळं सोडलीत तेव्हा?"

"चहा घ्यायची. चहाबरोबर रोटी."

"मग सफरचंदाला कशाला बोल लावता? ते औषधही नाही आणि विषही नाही. रोटीच्या वर खाल्लंत तर ओझं वाढेल, रोटीच्या जागी खाल्लंत तर उतरेल. तेही हळूहळू."

कुठलंच फळ चरबी वितळवत नाही, हे तिने इत्तोला नीट समजावलं. फळ सालीसकट चावून खायचं, कारण त्याने पोट भरतं. रस काढून प्यायचा नाही, तो गटकन उतरतो आणि भूक तशीच राहते. नुसत्या फळांवर राहायचं नाही. मसूर, घेवडा, अंडी, भाज्या पोटात जायला हव्यात. चहाची साखर मात्र कमी करायचीच.

सगळ्यात अवघड गेला तो चहा. कमी साखरेचा पहिला पेला इत्तोने तोंड वाकडं करून संपवला आणि तूदाच्या नावाने बोटं मोडली, जरी त्यात तूदाचा काही दोष नव्हता. हळूहळू घडी बसली. चार वाजता रोटीची आठवण आली की ती एक सफरचंद घेऊन भिंतीला टेकायची. जेवणात मसूर वाढले, रोटी अर्धी झाली. माझ्या खोगिराला धरून ती रोज थोडं चालू लागली. ईदला पथ्य मोडलं, भाचीच्या लग्नात पुन्हा मोडलं. पण झाडांना फुलं आली तोवर तिला पाठीवर घेऊन चढताना मला थांबून श्वास घ्यावा लागेनासा झाला होता.

तोडणीच्या दिवशी ती घरापासून पायी निघाली. ओढ्याशी आल्यावर माझ्या पाठीवरचा हात तिने काढला आणि ओंडक्यावर पाय ठेवला. मी पाण्यात उभा होतो आणि मान वर करून पाहत होतो. पलीकडून बासूने हात पुढे केला. तिने तो धरला नाही. एकेक पाऊल टाकत ती पलीकडे पोचली.

"कोपऱ्यातल्या झाडापासून सुरुवात करा," ती म्हणाली. "ती फळं आधी पिकतात."

बासूने झाडाखाली एक पोतं अंथरलं. इत्तो त्यावर बसली, कारण गुडघे अजून दुखतच होते. ती काही काटकुळी झाली नव्हती. पण बाग तिची राहिली, आणि बासूने दिलेला शब्द पाळला.

त्यानंतर माझं काम घटत गेलं. इत्तो चालू लागली, आणि ओढ्यावर सिमेंटचा पूल झाल्यावर बासूने पेट्यांसाठी तीनचाकी गाडी आणली. माझं खोगीर भिंतीवर धूळ खात पडलं. बासू म्हणाला, या गाढवाला आता विकून टाकू.

"विकायचंच तर तुझी तीनचाकी वीक," इत्तो म्हणाली. "हे निदान माझ्याबरोबर चालतं."

आता माझे दात झिजले आहेत. इत्तो भिंतीशी बसून सुरीने सफरचंदाच्या फोडी करते. एक मला देते, एक स्वतः खाते. दोघंही सावकाश चावतो, कुणालाच घाई नसते.

मित्रांनो, तुमच्या गुडघ्यांनाही माझ्यासारखंच बोलता येत नाही. तुम्ही लादाल तेवढं ते मुकाट्याने वाहतात, आणि कोसळतात तेव्हाच तुमचं लक्ष जातं. त्यांना जपा. फळं जरूर खा, पण त्यासाठी ताटातलं काय बाजूला सारलंत, ते एकदा पाहा. आणि तुमच्या दारात एखादं म्हातारं जनावर असेल, तर त्याच्यासाठी एक फोड राखून ठेवा. बिया तेवढ्या काढा.