बरणीतल्या निळ्या कॅप्सूल

ठकीच्या हनुवटीवरून निळा फेस ओघळताना दिसला आणि ताई तिच्याकडे धावली.

दोन वर्षांची ठकी वॉशिंग मशीनशेजारी फतकल मारून बसली होती. मांडीत काचेची बरणी, झाकण पायाशी, मुठीत कपडे धुण्याच्या कॅप्सूलचं फुटकं, चिकट साल. खोकून खोकून तोंड लालबुंद.

बरणी ताईनेच तिथे ठेवली होती. मूळ डब्याचं झाकण दोन्ही बाजूंनी दाबल्याशिवाय उघडत नसे, आणि आत्याच्या आखडलेल्या बोटांना ते जमत नसे. रोज डब्याशी कुस्ती, रोज तो बनवणाऱ्यांचा उद्धार. मग आज सकाळी नववीतल्या ताईने सगळ्या कॅप्सूल बरणीत ओतल्या, वर झोकात 'फक्त कपड्यांसाठी' अशी चिठ्ठी चिकटवली आणि घरभर मिरवून घेतलं. ठकीला वाचता येत नाही, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

"मीठपाणी पाजते. भडाभडा ओकेल, मोकळी होईल," म्हणत आत्या पेला घेऊन आली.

ताईने तोवर कचऱ्यातून चेपलेला डबा उपसला होता. त्यावरचा विषबाधेसाठीचा मदतीचा नंबर तिने फिरवला. पलीकडची बाई अगदी सावकाश बोलली, "उलटी करवू नका. फेस छातीत जाईल. तोंड ओल्या फडक्याने पुसा, दवाखान्यात न्या. डबा सोबत घ्या."

"आत्या, पाजू नकोस."

"तीन पोरं वाढवलीत मी. कालची कार्टी मला शिकवतेय."

"शिकवतेय. पेला खाली ठेव."

स्वतःचाच आवाज ऐकून ताई दचकली. आत्याने पेला ठेवला.

दवाखान्यात काकू, म्हणजे ठकीची आई, कामावरून तशीच धावत आली. डॉक्टरांनी ठकीची छाती ऐकली, डोळे पाहिले, मग डबा उलटसुलट केला.

"हे झाकण एवढ्याशा मुलीला उघडणार नाही. मग कसं काय?"

आत्या काही बोलणार, एवढ्यात ताई म्हणाली, "मी बरणीत काढून ठेवल्या होत्या."

काकूने तिच्याकडे मान वळवून पाहिलंसुद्धा नाही.

"पोटात किती गेलंय ते कळायला मार्ग नाही," डॉक्टर म्हणाले. "लक्ष ठेवा. धाप लागली किंवा गुंगी आली की लगेच हाक मारा."

ताई खाटेच्या पायथ्याशी खिळल्यासारखी उभी राहिली. ठकीचे श्वास मोजता मोजता तिचा स्वतःचाच श्वास चुकत होता. आणि ठकीने जांभई दिली. पापण्या जडावल्या. मान कलंडली.

"सिस्टर," ताईने हाक मारली.

नर्स आली. "दुपारी झोपते का ही?"

"रोज दोनला," काकू म्हणाली.

भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. ही रोजची झोप की डॉक्टरांनी सांगितलेली गुंगी, कुणालाच सांगता येईना.

नर्सने ठकीच्या तळपायाला करकचून चिमटा काढला.

ठकीने असं काही भोकाड पसरलं की शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला.

"झोपच आहे," नर्स म्हणाली. "तरी दर दहा मिनिटांनी उठवून बघायचं."

काकूने डोळे पुसले, खाटेवर थोडी सरकली आणि प्रथमच ताईकडे पाहिलं.

"बस इथे," ती म्हणाली. "पुढचा चिमटा तू काढायचास. माझा हात धजणार नाही."