‘नाही’ लिहिलेला रकाना

सहा दिवस शस्त्रक्रियेआधी भरायचा तो फॉर्म धाकट्या बहिणीच्या जेवणाच्या टेबलावर पडून होता. त्यावर चहाचा डाग पडला, कोपरा दुमडला, पण धाकटीच्या घरातलं कोणी तो दवाखान्यात द्यायला उठलं नाही. सातव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत थोरली बहीण थेट कारखान्यातून येऊन थडकली. गळ्यात मापाची टेप तशीच लटकत होती. गणवेश शिवायच्या कारखान्यात ती वीस वर्षं कापड बेतत होती आणि सुताएवढी चूक तिच्या नजरेतून सुटत नसे. इथेही नाही सुटली. ‘कुटुंबात कोणाला कर्करोग झाला होता का?’ या प्रश्नापुढे धाकटीच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, ‘नाही’.

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोघींची आई गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगानं गेली होती, मावशीही त्यानंच. पण बाहेर विचारलं तर ‘पोटाचं दुखणं’ सांगायचं, असं तेव्हा ठरलं आणि पुढे सगळ्यांच्या अंगवळणी पडलं. आता धाकटीच्या तपासणीत त्याच जागी पेशी बिघडायला लागलेल्या दिसल्या होत्या. कर्करोग अजून नव्हता. वेळेवर छोटी शस्त्रक्रिया झाली की निभावणार होतं. आणि ही माणसं अब्रू सांभाळत बसली होती!

सासूबाईंनी लगेच ऐकवलं की हे ज्या विषाणूमुळे होतं तो संबंधातून येतो म्हणतात, आमच्या मुलाला तर काहीच झालेलं नाही. पुढचं त्या बोलल्या नाहीत, पण धाकटीची मान खाली गेली. तिचा नवरा बसच्या नुसत्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं ओळखणारा मेकॅनिक. तो रिमोटची बॅटरी काढत-घालत बसला होता. थोरलीनं कपाळावर हात मारून घेतला. मग फॉर्म पर्समध्ये कोंबला, अर्ध्या दिवसाची रजा कळवली आणि तिघांनाही पुढे घालून दवाखाना गाठला.

डॉक्टरबाई साठीच्या होत्या, बोलायला फटकळ. मेकॅनिकनं इतके दिवस घशात अडकलेला प्रश्न अखेर विचारला. “विषाणू एकच, तर मला कसं काही झालं नाही?”

“कारण बहुतेकांना काहीच होत नाही,” बाई म्हणाल्या. “हा जवळपास सगळ्यांना कधी ना कधी गाठतोच. कोणाकडून आला, कधी आला, हे सांगणारी तपासणी नाही, तेव्हा तो तपास बंद करा. बहुतेकांचं शरीर वर्ष-दोन वर्षांत त्याला हाकलून देतं. काहींच्या शरीरात तो ठाण मांडतो.”

असं का, तेही त्यांनी समजावलं. शरीराला पहारेकरी असतात आणि परका कोण हे त्यांना ओळखायला मदत करणारी जनुकं आईवडिलांकडून येतात, ज्याची त्याची वेगळी. एखाद्याचे पहारेकरी बाकी सगळ्या जंतूंना चटकन पकडतात, नेमका हा विषाणू मात्र त्यांना उशिरा कळतो. अशा माणसाचा धोका थोडा वाढतो. थोडाच, कारण तंबाखूचा धूर आणि चुकवलेल्या तपासण्याही त्यात भर घालतात.

“तुमच्या घरात हेच झालंय असं मी छातीठोकपणे सांगणार नाही,” त्या म्हणाल्या. “पण आई आणि मावशीचं कळलं असतं, तर या मुलीला मी एकही तपासणी चुकवू दिली नसती. आईकडून नाक आलं तर लाजता का? मग याचीच लाज कसली?”

थोरली सासूबाईंकडे ‘ऐका आता’ अशा नजरेनं बघत होती. तेवढ्यात बाई तिच्याकडे वळल्या. “आणि तुमची शेवटची तपासणी कधी झाली?”

थोरलीनं गळ्यातली टेप बोटाला गुंडाळली. कारखान्यात तीन वर्षांपासून दरवर्षी आरोग्य शिबिर असायचं. बेतायच्या टेबलावर सगळ्यांसमोर फॉर्म भरायचे आणि सुपरवायझर ते तिथेच गोळा करायचा. बायका काय म्हणतील या धास्तीनं तिनं तिन्ही वर्षं त्याच रकान्यात ‘नाही’ लिहिलं होतं आणि तपासणीही टाळली होती. इतका वेळ ती जगावर चिडली होती. आता तिला स्वतःचाच संताप आला.

“झालीच नाही,” ती म्हणाली. मग तिनं धाकटीच्या फॉर्मवरचं ‘नाही’ खोडलं आणि पेन तिच्या हातात दिलं. धाकटीनं लिहिलं, ‘आई. मावशी.’ मेकॅनिकनं खाली सही केली आणि शस्त्रक्रियेची सगळ्यात जवळची तारीख मागितली.

सासूबाईंनी फॉर्म जवळ ओढून वाचला. मग हळूच म्हणाल्या, “माझ्या बहिणीच्या छातीत गाठ होती. आम्ही लोकांना सांगायचो, पडली म्हणून मार लागला.” धाकटीनं त्यांचा हात धरला.

पुढच्या शिबिरापर्यंत धाकटी खडखडीत बरी झाली होती. बेतायच्या टेबलावर थोरलीनं आपला फॉर्म भरला आणि मोठ्यानं वाचून दाखवला. कात्र्या थांबल्या. काज-बटणाच्या रांगेतल्या एका बाईनं सुपरवायझरकडे हात पुढे केला आणि आपला फॉर्म परत मागितला. तिच्यामागोमाग आणखी दोघींनी.

वाचकहो, आईवडिलांच्या रक्तातून आपल्याला काय मिळावं हे कोणी आपल्याला विचारत नाही. त्यात कोणाचा दोष नाही आणि कोणाच्या चारित्र्याचा संबंधही नाही. पण ते लपवलं तर पुढच्या लेकीबाळींना कोणी वेळेवर सावध करायचं? तुमच्या घरच्या त्या रकान्यात काय लिहिलंय, तेवढं आज बघा.