कारवीचं बी

डोंगर मी जाळला. आधीच सांगून टाकते, उगं कुणाचं नाव घ्यायला नको. एकदा घेतलं तेवढं बास झालं.

आमचं गाव पन्हाळ्याच्या मागल्या अंगाला. माझी लेक वर्षाराणी कोल्हापुरात झाडांचं शिकती, पीएचडी का काय ती. बारावीत हुती तवा डोंगरावरची कारवी फुलली, सगळा डोंगर जांभळा. कारवी सात-आठ वर्सांतनं एकदाच फुलती, बी धरती आन वाळून मरती. तवापास्नं पोरगी त्या झाडाच्या नादाला लागली. गेल्या साली परत फुलली, तर दर रविवारी येस्टीनं यायची आन दिसभर डोंगरात बसायची. जेवायचं भान न्हाई.

जाताना बजावायची, "आई, झाडं मेली. आता हाय ते बोंडातलं बी. पाऊस पडला की बोंडं तडकत्यात आन बी उडतंय. तवर वणवा लागला तर कारवी संपली. पुढं फुलायला झाडच ऱ्हाणार न्हाई."

"मी हाय की," म्हटलं. "कोण काडी लावतंय बघतेच."

कारण आमच्याकडं फाल्गुनात डोंगर पेटवायची खोडच हाय. जाळला की गवत चांगलं येतं म्हणं. मी बी पेटवलाय, सासूनं शिकवलं तसं.

वणवा अडवायचा तर डोंगराखालच्या गवताचा पट्टा आधीच जाळून मोकळा करायचा. पहाटं, दव असताना, धा माणसं हाताशी घिऊन. मी गावात दारोदार सांगत फिरले. "उद्या करू की, चिमणाक्का." उद्या, उद्या! आठ दिस ऐकलं आन माझं टकुरं फिरलं. "बसा बांगड्या भरून!" म्हटलं, आन काडीपेटी घिऊन एकटीच गेले. भर दुपारी. मला दम न्हाई, तोंडात बी न्हाई आन हातात बी न्हाई.

निम्मा पट्टा जळला आन वारं फिरलं. आग माझ्या डोळ्यांदेखत वर चढली. बोंडं तडतडाय लागली, लाह्या फुटल्यागत. मी निरगुडीच्या फांदीनं झोडपत सुटले. खालनं विजयसिंह तात्या शेळ्या सोडून पळत आला, सत्तरीचा म्हातारा. ओल्या पोत्यानं इजवता इजवता त्याचा उजवा हात भाजला. डोंगर काय वाचला न्हाई.

दुसऱ्या दिशी वर्षा आली. राखंत फतकल मारून बसली. तिचं त्वांड बघितलं आन खरं सांगायला माझी जीभच उचलंना.

"कुणी लावली?"

"मला काय म्हाईत? शेळ्यावाल्यांनी लावली असंल, गवतासाठनं."

गावात शेळ्या एकट्या तात्याच्या.

ती तडक पारावर गेली, मी तिच्या मागनं. तात्याच्या हाताला फडकं बांधलेलं. "हातच सांगतोय की तुझा!" म्हणाली. त्याला तिनं कधी अरेतुरे केलं नव्हतं. चार माणसांत नको नको ते बोलली. तात्यानं एकदा माझ्याकडं बघितलं. मी खाली मान घातली. तो गप उठला आन घरला गेला. का बोलला न्हाई ह्यो माणूस? अजून जिवाला खातंय ते.

पावसाळ्यात डोंगर हिरवागार झाला. मला वाटलं, जोतिबा पावला! वर्षानं चिखलात गुडघं टेकून एकेक रोप बघितलं. सगळा टाकळा. ज्याची आम्ही भाजी करतो तो.

"टाकळ्याचं बी टणक असतंय, आई," ती म्हणाली. "आगीनं साल तडकती, पाणी आत शिरतंय, उलट जास्तच उगवतंय. कारवीचं बी पातळ सालीचं. भाजलं की गेलं." आन रडाय लागली. बाप गेला तवा बी अशी रडली नव्हती. "त्या म्हाताऱ्याच्या दारात मी जन्मात पाय ठेवायची न्हाई."

तवा मला ऱ्हावलं न्हाई. "मी लावली," म्हटलं. "पट्टा जाळायला गेलते. एकटी."



"आन तात्याचा हात?"

"इजवताना भाजला. माझ्यासंगं हुता."

चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं बाई. ती उठली, घसरत घसरत डोंगर उतरली आन सरळ तात्याच्या घरला गेली. मला वरनं दिसत हुतं. अंगणातच तिनं त्याच्या पायावर डोकं ठेवलं.

अजून दर रविवारी येती. येस्टीतनं उतरती, तात्याच्या घरला जाती, तिथंच भाकरी खाती आन सांजच्या गाडीनं माघारी जाती. वाट माझ्याच दारावरनं हाय. मी उंबऱ्यात हुबी ऱ्हाते. ती बी बघती माझ्याकडं. पर आई म्हणून हाक मारत न्हाई.