आसावरीच्या गेमचं दार

आसावरीच्या व्हिसावर तिला पगार घ्यायला बंदी होती, काम करायला नव्हती. म्हणून परदेशात, फ्रीमाँट शहरातल्या टाउनहाउसमध्ये बसून ती दिवसभर काम करायची. अशा रीतीनं तिनं एक अख्खा व्हिडिओ गेम तयार केला. तोही कशासाठी, तर आता फक्त गराज सेलच्या जुन्या सामानात मिळणाऱ्या एका जुनाट कन्सोलसाठी. हौशी लोकांनी स्वतः बनवून फुकट वाटलेले गेम जिथे ठेवलेले असतात, अशा एका वेबसाइटवर तिनं तो टाकला. पायरसीचा प्रश्न नाही, छदाम द्यायचा नाही. इतकं आयतं मिळाल्यावर माणसानं दोन शब्द बरे बोलावेत की नाही? नाव नको.

"दार उघडत नाही," एकानं लिहिलं. "मोडका गेम," दुसऱ्यानं. तिसऱ्यानं नुसताच एक तारा दिला.

गेम साधा होता. एक मुलगी दुपारच्या उन्हातून चालत एका घरापाशी येते. खालचं बटण दाबून चपला काढल्या, की दार उघडतं. बस, एवढंच. पण ते कुणाला सुचेल तर शपथ. लोक दाराला लाथा घालत होते. एक पठ्ठ्या तर छपरावर चढून आला.

"एक हिंट टाक ना यार," ऑफिसला निघताना तिचा नवरा निमिष म्हणाला.

"घरात शिरताना चपला काढायच्या, हे काय पाटी लावून सांगायचं?"

"मग बस तशीच."

तो गेला. आता संध्याकाळपर्यंत घरात कुणी बोलणारं नव्हतं. आसावरीला भयंकर राग आला होता, आणि रागापेक्षा रडूच जास्त येत होतं. शुक्रवारी गेम काढून टाकायचा आणि पुन्हा या भानगडीत पडायचं नाही, असं तिनं ठरवलं.

गुरुवारी प्लेनो या दूरच्या शहरातून एक मेल आली. सुचित्रा नावाच्या रिटायर्ड डॉक्टर बाईंची, आणि चक्क मराठीत.

"आसावरी, गेमवर तुझं नाव वाचलं म्हणून मराठीत लिहितेय. एकेरीत हाक मारतेय, चालवून घे. घर आवरताना मुलाचा जुना कन्सोल सापडला. मुलगा म्हणतो, गेम कुठूनही उतरव, कोण बघतंय? म्हटलं, म्हातारपणी चोरीचा माल घरात आणायची नाही मी. म्हणून फुकट वाटलेलेच गेम शोधते, अटी वाचून घेते. काल तुझा मिळाला. चपला काढून आत गेले. स्वयंपाकघर बघितलं, माडीवर जाऊन आले. घर छान केलंयस. पण घरात कुणीच नाही गं. कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही. आत आल्यावर माणसानं करायचं काय?"

खाली फोन नंबर होता.

आसावरीला आधी हसू आलं. मग तिनं गेम लावला आणि स्वतः आत जाऊन खोल्याखोल्यांतून फिरली. बाई म्हणत होत्या ते खरं होतं. तिनं फोन लावला.

"काकू, मी आसावरी. गेमवाली."

"हां, बोल."

"आत आल्यावर काय करायचं ते मी ठरवलंच नाही." ती म्हणाली. "कुणी आत येईल असं वाटलंच नव्हतं."



"मी आलेय ना आता," काकू म्हणाल्या. "पाणी आण."