जास्तीचा ठोका

खराडीत नोकरी लागली म्हणून संभाजीने बँड सोडला, असं दिगंबर सगळ्यांना सांगायचा. खरं तर दोघं एका ठोक्यावरून भांडले होते. तिसऱ्या गाण्याच्या शेवटी संभाजी ड्रमवर एक जास्तीचा ठोका हाणायचा आणि दिगंबर प्रत्येक डेमो रेकॉर्डिंगमधून तो उडवायचा.

आता मेटल अल्बमचं रेकॉर्डिंग तोंडावर आलं होतं आणि ड्रमर काही टिकत नव्हता. एक दमून पळाला, दुसऱ्याला दिगंबरनेच हाकललं. आज ढोल-ताशा पथकातली केतकी आली होती.

"ही मिरवणूक नाही," गिटार जुळवता जुळवता दिगंबर खेकसला.

ती ड्रमपाशी बसली आणि तिन्ही गाणी सफाईने वाजवली. तिसऱ्याच्या शेवटी तो ठोका धाडकन पडला.

"हा डेमोत नाहीये. कुणी शिकवला?"

"संभाजीदादांनी. महिनाभर सगळी गाणी तेच शिकवतायत. म्हणाले, या ठोक्याला दिगंबर ओरडेल."

दिगंबरला हसूच फुटलं. "आणि नाही ओरडला तर?"

"तर खिडकीतून हाक मार म्हणाले. खाली चहाच्या टपरीवर बसलेत."